साधे फ्लास्क चमकले

६ मे, धाराशिव
तेरखेड्याची माती संपत आली. फटाक्यांच्या कारखान्यामागून आणलेली, दारूतले क्षार मुरलेली. तरी तिच्यात जिवाणू जगतात. कसे, तेच माझ्या पीएच.डी.चं काम. क्षार वाढले, उष्मा वाढला, की पेशीतलं एक प्रथिन जनुकं वाचणाऱ्या यंत्रणेचा ताबा घेतं. वाढीची जनुकं मिटतात, बचावाची उघडतात. त्या बचावाच्या जनुकाला चमकणारं जनुक जोडून घेतलंय. जिवाणूला त्रास झाला की हिरवा उजेड.
आज पोषक द्रव सुहासनं उकळला. आधी त्याची बाटली, मग माझी. एम.एस्सी.पासून सोबत आहोत. मैत्री म्हणायची सवय लागलीय. कॉलेजात शिकवायची कायम जागा एकच निघालीय, अर्ज आम्हा दोघांचे.

८ मे
साधे फ्लास्क चमकले. ज्यांत मी कणभर क्षार घातला नव्हता, ते! क्षारवाल्यांइतकेच हिरवे. आता तुलना कशाशी करू? त्या जागेची मुलाखत तोंडावर.
सुहासचे सगळे प्रयोग बरोबर. मला म्हणतो, "काल दुपारी लाईट गेली होती ना. जिवाणू वाढवायच्या कपाटाचा गारवा गेला, ते तापलं असंल. मे महिना आहे बाई, जिवाणू पण माणसंच."
इतक्या मायेनं बोलला की फ्लास्क त्याच्या डोक्यात घालावा वाटलं.

९ मे
त्याच कपाटात, त्याच बाटलीतल्या द्रवात माझी जिवाणूंची दुसरी जात होती. ती फक्त उष्म्याला चमकते, क्षाराला नाही. बघितली. काळीकुट्ट. म्हणजे कपाट तापलंच नव्हतं.
मग उरलेल्या द्रवात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. सुहासच्या बाटलीतला जरासा धुरकटला. माझ्यातला नासलेल्या दुधासारखा फाटला. मीठ. लई मीठ.
आमचे गाईड सर पेपर तपासत होते. त्यांना सांगितलं, तर मान वर न करता, "नसरीन, वजन करताना चुकतं माणसाचं."
"माझ्याच बाटलीत चुकलं, सर?"
"मग काय, जिवाणूंची साक्ष काढणार? दोघंही माझेच विद्यार्थी आहात. वाढवू नका."
म्हणजे माझं तोंड बंद, त्याला काहीच नाही. वा.

१० मे
घरी सांगितलं. अम्मी, "छोड दे बेटा, लोगां क्या बोलेंगे." अब्बा पेपरमागून, "छोडना नक्को." दोघांचं त्यावरून जुंपलं. मी जेवले नाही.

११ मे
माझे फ्लास्क कुलपात ठेवते. चहा वेगळा. सुहास समोरच्या टेबलावर शीळ घालत बसतो. दुपारी विचारलंच.
"माझ्या बाटलीत मीठ कुणी घातलं?"
"म्या. कृतीतच लिहिलंय मीठ घालायचं."
"किती घातलंस?"
"जितकं लागतं तितकं. तुला माझ्यावर डाऊट आहे?"
"व्हय."
हसला. "व्हय?" असं मुद्दाम गावाकडचं बोलून हसला. मी हसले नाही. पुन्हा बोलायचं नाही त्याच्याशी, असं ठरवलं.

१३ मे
मुलाखत झाली. सर पॅनेलवर, नजर टेबलावर. बाहेरून आलेल्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, "शेवटच्या प्रयोगाचे निकाल?"
"निकाल नाहीत, मॅडम. द्रवात जास्तीचं मीठ होतं."
"तुम्हाला कसं कळलं?"
सांगितलं. दोन्ही जाती, एक चमकली, एक नाही. त्या पुढं झुकून ऐकत होत्या. मग, "द्रव कुणी बनवला होता?"
सरांनी तेवढ्यात पाण्याचा ग्लास उचलला.
"सुहासनं," मी म्हणाले. एवढंच. मुद्दाम केलं की चुकून, ते मला माहीत नाही, हेही म्हणायला हवं होतं का? नाही म्हणाले. म्हणणारही नव्हते.
नंतर सुहास आत गेला. बाहेर आला तेव्हा कान लाल. जिन्यात मला गाठलं.
"नाव घेतलंस माझं?"
"विचारलं त्यांनी."
"ऐक नसरीन. मला मुद्दाम करायचं असतं ना, तर तुला कळलंसुद्धा नसतं."
ही कबुली, की माझी लायकी काढली? दिवसभर तेच डोक्यात. दोन्ही अर्थांनी राग येतो.
मुलाखतीचा निकाल कधी, कुणी सांगत नाही. उद्या नवा द्रव उकळायचा, माझ्या हातानं. पण या आठवड्यात प्रयोगशाळेची चावी सुहासकडं आहे. मागावी लागणार.