पांढरा रुमाल आणि अकरा मंगलाष्टकं

१२ मार्च १९९५, रविवार

भाचीचं लग्न ठरलं. हेमा, माझी एकुलती एक भाची. २१ मे, कल्याण. मुलाकडचे ठाण्याच्या नौपाड्यातले, म्हणजे गाण्यातले जाणकार असणारच.

सुमतीच्या घरी बैठक झाली. ती म्हणाली, दादा, जेवणाचं तू बघू नकोस, हॉलचं बघू नकोस, देण्याघेण्याचं तर मुळीच बघू नकोस. तू आपलं गाण्याबजावण्याचं बघ. याला म्हणतात बहिणीचा विश्वास.

निघताना हेमा जिन्यापर्यंत आली. म्हणाली, मामा, एक मंगलाष्टक तू म्हणायचंस हं. लहानपणी मला झोपवताना म्हणायचास ना, तसं. मी गायला लागलो की बाकी सगळे उठून आतल्या खोलीत जात. ही एकटी शेवटपर्यंत ऐकायची. म्हणजे झोप लागेपर्यंत.

संकल्प: या लग्नात गाणं ऐकून लोक जेवायचं विसरले पाहिजेत.

१३ मार्च

सौ.ला संकल्प सांगितला. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावून या.

१९ मार्च

कल्याणला बँडवाल्याकडे गेलो. मास्तरला विचारलं, सनईच्या अंगाने सारंग वाजवता का, दुपारचा मुहूर्त आहे. तो म्हणाला, साहेब, आम्ही अंगबिंग बघत नाही, चालू असेल ते वाजवतो. शिवाय ऐन मुहूर्ताला कोणीतरी 'वाजवा रे वाजवा' म्हणून ओरडल्याशिवाय त्यांचा बँड सुरू होत नाही. किती गावंढळ पद्धत! मुलाकडचे काय म्हणतील?

बँड रद्द.

२ एप्रिल

उल्हासनगरचा ऑर्केस्ट्रा बघितला. वादक बरे. पण गायकाने अट घातली की माइकला घरच्या मंडळींनी हात लावायचा नाही. त्याला कोणाचा तरी वाईट अनुभव आला असावा.

ऑर्केस्ट्रा रद्द.

९ एप्रिल

ठाण्याला ऑफिसातल्या एकाच्या मुलाचं लग्न. तिथे नवीन प्रकार पाहिला. डी. जे. म्हणतात. एकच माणूस, दोन डेक, एक ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर. एक कॅसेट संपायच्या आत दुसरी सुरू. एकच माणूस म्हणजे मतभेद नाहीत, चहापाणी एकाचंच. पुढचा जमाना याचाच आहे हे मी तिथल्या तिथे ओळखलं. सौ. म्हणाली, मला छातीत धडधडतंय. मी म्हटलं, त्याला बास म्हणतात.

१६ एप्रिल

कोपरला दौलत साउंड सर्विस. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागे डी. जे.चं सामान. मालक दौलत, तिशीचा, तिथल्याच गावातला. मला पहिल्याच वाक्यात काका म्हणाला. माझे केस बघता दादा शोभलं असतं, पण सोडून दिलं.

रीतसर मुलाखत घेतली. आवडता राग? म्हणाला, राग कोनावर नाय आपला. कोणाचं गाणं ऐकतोस? लोकं सांगतील त्याचं. थोडं मार्गदर्शन करावं लागेल. पण कामाला लावण्यासारखा वाटला, कारण मी दोन मंगलाष्टकं पूर्ण म्हणून दाखवली आणि त्याने मध्ये एक शब्द काढला नाही. कानाला हेडफोन होता, हातात एक टेपरेकॉर्डर उघडलेला होता, पण नजर माझ्याकडे होती.

दौलत पक्का.

२३ एप्रिल

मंगलाष्टक एक म्हणायचं ठरलं होतं. पण एकात सगळे नातेवाईक बसत नाहीत. कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं? उगाच जन्माची तेढ. म्हणून पाच करायची ठरवली. आज चौथं जमलं. त्यातल्या दोन ओळी मलाच इतक्या आवडल्या की इथे उतरवून ठेवतो:

माता ती सुमती, पिता वसतसे कल्याण गावी पहा,
मामा डोंबिवलीत राहत असे, गातो कसा गोड हा!

शार्दूलविक्रीडित. एक मात्रा इकडची तिकडे नाही. सौ. म्हणाली, यात नवरी कुठे आहे? नवरी पाचव्यात येते.

३० एप्रिल

गॅलरीत रियाज सुरू. रोज सकाळी पाऊण तास. वरच्या मजल्यावरच्या केशरबाईंनी पातेलंभर हळदीचं दूध पाठवलं. सोबत निरोप, घरात कोणाला बरं नसेल तर मोकळेपणाने सांगा. आजकाल अशा रसिक शेजारणी मिळत नाहीत.

मंगलाष्टकं आता आठ.

६ मे

सुमती येऊन गेली. विचारत होती, दादा, किती वेळ लागेल? मी म्हटलं, मुहूर्त दुपारी १२ वाजून २१ मिनिटांचा आहे. नवरानवरी बाराला उभी राहिली तर गुरुजींचं एक आणि माझी अकरा आरामात होतात. ती म्हणाली, अकरा? मग हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. भारावली असेल.

जाता जाता म्हणाली, मुहूर्त तेवढा चुकवू नकोस रे. माझा चुकला होता, आजवर सासूबाई बोलून दाखवतात. हेमाच्या वाट्याला ते यायला नको. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मुहूर्त माझी जबाबदारी.

१४ मे

हॉलवर तालीम. अडचण अशी निघाली की दौलत बसणार मागच्या माळ्यावर, त्याच्या स्पीकरच्या मागे. शेवटचं 'सावधान' झालं हे त्याला तिथे ऐकू येणार नाही आणि वाजंत्रीची कॅसेट त्याच सेकंदाला सुरू व्हायला हवी. दौलत म्हणाला, काका, सोप्पा हाय, कोनतरी आरडा, वाजवा रे वाजवा.

पुन्हा तेच! मी त्याला प्रोफेशनल पद्धत समजावली. मी नवरीच्या मागे उभा असणार, मामाची जागाच ती. अकरावं मंगलाष्टक संपलं की मी खिशातून पांढरा रुमाल काढणार. रुमाल दिसला की त्याने बटण दाबायचं. त्याने विचारलं, चुकून रुमाल निघाला तर? मी म्हटलं, माझ्या हातून चुकून काही होत नाही. तू विचार करायचा नाहीस. रुमाल दिसला, दाबलं. पाच वेळा करून घेतलं. पाचही वेळा बरोबर. पोरगं शिकण्यासारखं आहे.

हॉलच्या मॅनेजरलाही सूचना दिली. मंगलाष्टकांच्या वेळी पंखे बंद. पंख्यांची घरघर माइकमध्ये येते. तो म्हणाला, साहेब, मे महिना आहे. मी म्हटलं, संगीतासाठी थोडं सोसावं लागतं.

२० मे

घसा उत्तम. ज्येष्ठमध चालू. नवीन सफारी शिवून आली. सौ. म्हणते, जाड कापड आहे, उकडेल. कापड जाड असेल तरच खांदे भरदार दिसतात हे तिला कोण सांगणार.

दौलतला माझ्या कॅसेटी क्रमवार दिल्या. वरातीला संतूर. प्रवेशाला सतार. डिस्कोची एकही कॅसेट आणायची नाही अशी ताकीद दिली.

२१ मे, पहाटे

आज हेमाचं लग्न. रात्रभर डोळ्यांसमोर ती पाच वर्षांची दिसत होती, मांडीवर आडवी, अंगठा तोंडात. काही झालं तरी आज तिला ऐकवायचं. जेवायचं विसरणारे लोक वगैरे सगळं नंतर.

२१ मे, संध्याकाळी

लग्न लागलं. घडलं ते क्रमाने लिहितो.

वरात स्टेशनकडून साडेअकराला हॉलवर पोहोचायची होती. दौलतचा स्पीकर टेम्पोवर. संतूर लागला. पाच मिनिटं सगळे शोकसभेसारखे चालले. मग खुद्द व्याह्यांनी, ज्यांच्यासाठी मी सारंग शोधत हिंडलो त्यांनी, झब्ब्याच्या खिशातून स्वतःची कॅसेट काढून दौलतच्या हातात दिली आणि रस्त्यात नागीण नाचू लागले. गुडघ्यांवर! नौपाड्याचे जाणकार! त्यांना उठवून हॉलपर्यंत आणेस्तोवर बारा वाजून दहा मिनिटं झाली.

नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी राहिली तेव्हा बारा सोळा. सुमतीची नजर घड्याळावर. गुरुजी माझ्या कानात पुटपुटले, एकच म्हणा. मी मान हलवली. मनात म्हटलं, लय जरा वाढवली की अकरा बसतात.

गुरुजींनी त्यांचं मंगलाष्टक चांगलंच लांबवलं. मग माइक माझ्या हातात आला. माझ्या सूचनेप्रमाणे पंखे बंद झाले. चारशे माणसं एकदम कुरकुरली. हेमाने मान जराशी वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. ठरवलं, चौथ्यापासूनच सुरू करावं, ते सर्वांत चांगलं आहे.

'माता ती सुमती, पिता,' इथपर्यंत म्हटलं. आवाज असा लागला होता की काय सांगू. पण सफारीच्या आत घामाच्या धारा. कपाळावरून एक थेंब थेट डोळ्यात. मीठ झोंबलं. पुढचं दिसेना. हात आपोआप खिशात गेला.

दौलत तत्पर माणूस.

सनई, चौघडा, ताशा, सगळं एकदम सुरू झालं. चारशे माणसांनी हातातल्या अक्षता फेकल्या. पंखे पुन्हा लागावेत म्हणून त्यांना घाई होतीच. अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट ओढला. जावयांनी हेमाच्या गळ्यात हार घातला. मी माइकमध्ये नाही नाही, थांबा थांबा असं ओरडत होतो म्हणतात, पण माइक दौलतने बंद केला होता. तालमीत मीच सांगितलं होतं, वाजंत्री लागली की माइक बंद.

सुमती पांढरीफटक. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, बारा एकवीस. इतका नेमका मुहूर्त मी अलीकडे पाहिला नाही.

सुमती माझ्या गळ्यात पडून रडली. दादा, शब्द पाळलास रे, म्हणाली. सगळ्यांनी हात मिळवले. व्याही म्हणाले, टायमिंग म्हणजे टायमिंग! एका अर्थाने खरंच आहे. घड्याळ नजरेच्या टप्प्यात होतं. मी कुठेतरी आतून ठरवूनच रुमाल काढला असणार. मोठ्या कलावंतांचं असंच होतं.

पण हेमाने ऐकलं नाही. पाठवणीच्या वेळी ती पाया पडली तेव्हा तिला सांगावंसं वाटलं, अगं पाचव्यात तू होतीस. तेवढ्यात गाडी सुटली. घरी येऊन सफारी न काढता बसून राहिलो. फार वाईट वाटलं.

२३ मे

दौलत सामान न्यायला हॉलवर आला होता. मी त्याला चार शब्द सुनवायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, काका, रुमाल दिसला, दाबलं. बराबर ना? मी म्हटलं, बराबर.

२८ मे

दिलासा. सौ.ने आठवण करून दिली की व्हिडिओ शूटिंग झालं आहे. म्हणजे दोन सेकंद का होईना, माझा सूर कॅसेटवर आला आहे. 'माता ती सुमती, पिता.' आठ अक्षरं. आठ अक्षरांतही माणूस कळतो.

१८ जून, रविवार

हेमा आणि जावई सुमतीकडे आलेले, सोबत व्याहीही. कॅसेट बघायला आम्ही सगळे जमलो. केशरबाईसुद्धा आल्या, हौसेने.

व्हिडिओवाल्याने संपूर्ण लग्नावर सिनेमातली गाणी चिकटवली आहेत. मूळ आवाज कुठेच नाही. पडद्यावर मी माइक घेतो, छाती भरतो, तोंड उघडतो आणि आतून कुठल्यातरी बाईचा आवाज येतो, बाबुल बाबुल करत. मग मी कपाळ पुसतो आणि लग्न लागतं. जावयांनी ते तीनदा मागे नेऊन बघितलं. भेळ कालवायला घेतली होती ती तशीच राहिली.

चौथ्यांदा हेमा उठली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाली, पुरे झालं आता. मामा, माझं राहिलंय. आत्ता म्हण.

सौ.ने विचारलं, पंखा बंद करू का? मी तिकडे लक्ष दिलं नाही. उभा राहिलो. हेमा माझ्या पायाशी जमिनीवर बसून वर बघत होती, तशीच, लहानपणी बघायची तशी. पाचवंच म्हणायचं ठरवलं, तिचं. पण डोळे भरले. काही दिसेना. डोळे पुसायला खिशातून रुमाल काढला.

अंगावर कुरमुऱ्यांचा वर्षाव झाला. वाजवा रे वाजवा, असा एकच गिल्ला. सुमती, व्याही, केशरबाई, सगळे. यांच्या मुठी आधीपासून भरलेल्या होत्या. पहिली मूठ हेमाची होती.

हसता हसता ती माझ्या खांद्यावरचे कुरमुरे झटकत राहिली. म्हणाली, मामा, रागावू नकोस. पुढेमागे आमच्याकडे बारसं होईल तेव्हा पाळणा तूच म्हणायचास. तिथे ऐकणारा झोपला तरच गाणं चांगलं.

यात माझं कौतुक आहे एवढं नक्की. ते नेमकं कुठे आहे ते रात्री सौ.ला विचारलं. ती म्हणाली, रुमाल धुवायला टाका आणि झोपा.