नाटकातला नवरा

ब्राह्मणपुरी, बुधवार
पोळा चार दिवसांवर

सीमा, माझी गोड बाय,

काल आधी आली रंजनाबाई. चप्पलसुद्धा न काढता थेट ओट्यावर! तिच्यामागे रतिलालभाऊ, आपल्या गणपती मंडळाचे अध्यक्ष, आणि त्यांच्यामागे तिचा भूपेश. एवढा उंच पोरगा, आणि आईच्या पदराआड लपल्यासारखा. बरं, तू कशी आहेस? होस्टेलातलं जेवण अंगी लागतं का? आम्ही बरे. म्हैस व्यायली, पारडी झाली. फोनवर तुझा बाप जवळच बसलेला असतो, म्हणून लिहिते आहे. अक्षर लागेल तसं लाव.

आता आनंदाचं सांगते. तू गणपतीसाठी लिहिलेलं लढाईचं नाटक गावाला इतकं आवडलंय! बंदूक घेऊन सरहद्दीवर जाणारी बाई व्हायला पोरी भांडल्या. शेवटी दिवलीबाईच्या नातीला मिळालं. ती असा पाय आपटते की माझा ऊर भरून येतो. गुडघा दुखतो तरी रोज तालमीला जाते मी.

फक्त एक अडलंय. नवरा मिळत नाही.

त्या जवान बाईचा नवरा, गं. घरी लेकीला सांभाळतो, पीठ मळतो, बातम्यांकडे कान लावून बसतो, तो. भूपेश करत होता, छान करत होता. पण रंजनाबाई म्हणते, "मन्हा भूपेश चुल्हापुढे बसाव नही! आधीच पोरंसले पोरी भेटतस नही, हाई दखीसन त्याले कोन पोर दी?" मी म्हटलं, अगं, उलट मुलींचे बाप तुझ्या दारात गाड्या लावतील. भूपेश हसला, तर तिने त्याला कोपर मारलं.

रतिलालभाऊ म्हणाले, आपण भूपेशला जवान करू, आणि दिवलीबाईची नात घरी वाट बघत रडेल. लढाईच्या नाटकात असंच असतं म्हणे.

मला राग आला. तुझे आजोबा ह्याच गावात लढाईच्या नाटकात जवानाची बायको झाले होते. तेव्हा बाया स्टेजवर चढत नसत. माझं लग्नातलं लुगडं नेसून असे रडले की बायांनी डोळ्यांना पदर लावले. कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, तेव्हा बाई होऊन रडायला बाप्यांना लाज नव्हती, आता बाप्या राहून पीठ मळायला कसली लाज?"

"दगूमाय, तो जमाना येगळा व्हता."

"मग कुणी नाही मिळालं तर मीच धोतर नेसून बसते!"

चहा तसाच ठेवून तिघं उठले.

पण सीमा, भूपेशला काढा असं पहिल्यांदा म्हणाली ती रंजनाबाई नव्हे. तुझा बाप म्हणाला.

लखन गेल्या आठवड्यात तालमीला आला होता. नाटकातला नवरा लेकीची वेणी घालताना रिबीन दातात धरतो ना, तिथे पोरं हसली. एक जण ओरडला, "हाऊ ते लखनभाऊ शे!" तुझी आई धडगावच्या दवाखान्यात नर्स, पावसात घाट बंद झाला की तिकडेच अडकायची. तुला बापानेच वाढवलं, हे गावाला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि मांडवात दिवे लावून दाखवणं वेगळं. "भूपेशले काढा" म्हणत तो उठून गेला. तेव्हापासून धड बोलत नाही. केळीला पाणी देऊन येतो आणि पुन्हा तिकडेच जातो. तुझ्यावर रागावलाय की कशावर, मला कळत नाही. माझाही जीव थाऱ्यावर नाही.

आज मी आजोबांचं धोतर नेसून, टोपी घालून, ओट्यावर परात घेऊन बसले होते. लखन दारात उभा. मला वाटलं, ओरडेल. तर जवळ आला. मग म्हणाला, "माय, तशी नही. पोर निजेल शे ना तठे. परात वाजाले नको."

खाली बसला. परातीखाली फडकं सरकवलं आणि मळून दाखवलं. जरासुद्धा आवाज नाही. मीही मग तसंच, आवाज न करता मळलं. मला ते किती जड जातं, तू जाणतेस.

हात धुताना, माझ्याकडे पाठ करूनच विचारलं त्याने, "रतिलालभाऊ परत कवय येतीन?"

रविवारी. डेअरीत दूध घालून झालं की येतो म्हणालेत, तिघंही.

तुझी, जीव मुठीत धरून हसणारी,
आजी