पाहिलं, प्यायलं, केलं

रविवार, ४ मे

दुरुस्ती. गेल्या रविवारी मी लिहिलं आहे — ‘आठवड्यातलं सगळ्यात आवडलेलं पेय: कोरा चहा, अर्धा कप.’ खोटं! उसाचा रस होता. आलं-लिंबू घातलेला, बर्फ टाकून, मोठा ग्लास. मंगळवारी प्यायले आणि शुक्रवारीही. पप्पा दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसच्या मशीनला लागले की मी ‘खाली जाऊन येते’ म्हणते, आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर रसवंतीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून पिते. वरच्या खिडकीतून ती जागा दिसत नाही. मी आधी बघून घेतलं होतं.

हे पान माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. मग खोटं कोणासाठी लिहिलं?

रविवारची ही तीन वाक्यं पप्पांनीच लावून दिलेली. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत घातलंच नव्हतं. तिसरीपर्यंतचं सगळं घरीच, त्यांच्या पलंगाशी बसून. दर रविवारी लिहायचं — काय पाहिलं, काय प्यायलं, काय केलं, त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं. खाल्लेलं का नाही, असं मी विचारलं होतं. ‘खाल्लेलं लिहाले बसशील तं वही पुरायची नाही!’ आणि एकच नियम. ‘खोटं नाही लिहायचं. आठवत नसन तं आठवत नाही असं लिही.’

तर या आठवड्याचं, खरं.

पाहिलं — डायलिसिसच्या खोलीतला टीव्ही. बाकीचे पेशंट झोपतात म्हणून आवाज बंद असतो. पप्पा पडद्यावरच्या लोकांचं बोलणं स्वतःच लावतात. एक सासू छाती पिटून रडत होती. पप्पा हळूच म्हणाले, ‘माह्या फ्रीजातला बर्फ कोणं खाल्ला वं?’ सून खाली मान घालून उभी. ‘मी नाही खाल्ला आत्याबाई, तुमच्या पोरानं चोखला!’ शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. मीही खूप हसले. मग लक्षात आलं, त्यांच्या तोंडून सगळे पाण्याबद्दलच बोलतात.

प्यायलं — रस. लिहिलं वर.

केलं — काही नाही.

सोमवार, ५ मे

चव्वेचाळीस डिग्री. पप्पांनी तीनदा विचारलं, किती वाजले. दिवसभरासाठी मोजून दिलेली पाण्याची बाटली दुपारीच संपली होती.

मंगळवार, ६ मे

वजन पुन्हा वाढलेलं. मशीनवरचा मुलगा चिडला. ‘ताई, यांले पाणी कोण देऊन राहिलं?’

मी. मीच देते. सकाळी बाटली भरते आणि आई त्यातूनच देते, त्यातूनच चहा, त्यातूनच गोळ्या. मग कुठून वाढलं? वरण पातळ होतं का? टरबुजाची फोड दिली होती — एकच, पण मोठी होती. रात्री दात घासताना पप्पा दार लावून घेतात. असा संशय घ्यायला नको. घेतला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, शरीरात एवढं पाणी साठलं की हृदयावर येतं. किडनीचं काय ठरलं, तेही विचारलं. 

ठरलेलं असं आहे. माझा भाऊ विक्की पुण्याला असतो, त्याचा रक्तगट जुळत नाही. आईला साखर आहे. माझा रक्तगट जुळतो. जानेवारीत हे कळलं त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत. आई म्हणाली, ‘पोरीची जात आहे. एक किडनी काढली म्हणून सांगितलं तं कोण करन तिले?’ पप्पा तसं काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडून कबूल करून घेतलं — ‘मले विचारल्याबिगर कुठं तपासाले जायचं नाही.’ हो म्हणाले मी. त्यानंतर आजपर्यंत विचारलेलं नाही.

का नाही? ते नाही म्हणतील म्हणून? की हो म्हणतील म्हणून?

गुरुवार, ८ मे

संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरत होते. पप्पा खुर्ची ओढत आले. ‘पाइप इकडं दे.’ दिला. त्यांनी वाळ्याच्या ताट्या वरपासून खालपर्यंत भिजवल्या, मग अंगण, मग तव्यासारखा तापलेला लोखंडी जिना. टाकी भरून वाहायला लागली तरी पाइप सोडेनात. मी हातांकडे बघत होते. त्यांना ते कळलं.

‘हात ओले झाले तं तेही मोजशीन काय वं?’

मी हसले. हसायला नको होतं, ते गमतीनं बोलले नव्हते.

रात्री पलंग कूलरच्या जवळ घ्यायला लावला. गार हवेसाठी नाही. आत पाणी पडतं त्याचा आवाज येतो म्हणून.

शुक्रवार, ९ मे

रसवंतीपर्यंत गेले. ‘काय ताई, आलं जास्त टाकू?’ नको म्हटलं आणि परत वर आले. नाही प्यायले. त्यानं पप्पांची तहान काही कमी झाली नाही.

रविवार, ११ मे

पाहिलं — मुका टीव्ही. या वेळी त्यांनी कोणाचंच बोलणं लावलं नाही. झोपले होते. तरी हेच आवडलं असं लिहिते, कारण दुसरं काही पाहिलं नाही.

प्यायलं — माठाचं पाणी. मोरीत उभं राहून.

केलं — ताट्या भिजवताना त्यांना बघितलं. हे ‘केलं’मध्ये येतं का?

उद्या बुद्धपौर्णिमा. विहारासमोरचा सरबताचा मांडव पप्पांचा आणि देवाजी काकांचा, बावीस-तेवीस वर्षं झाली. काका त्यांचे कारखान्यातले जुने सोबती. या वर्षी तुम्ही नुसते बसा, असं सगळे म्हणाले. ‘बसून दोघं-चार जणाले ग्लास तं देईन!’ शुक्रवार ते मंगळवार, सगळ्यात लांब खंड. अंग आधीच सुजलेलं आहे. मी नको म्हणाले. आई म्हणाली, ‘जाऊ दे वं. पुढच्या वर्षीचं कोणाले ठाऊक.’

सोमवार, १२ मे

कसं लिहू.

पप्पा पांढरा सदरा घालून मांडवात बसले. एकीकडे खीर, एकीकडे आमची लिंबू सरबताची टाकी, आत बर्फाच्या लाद्या. मी तोटीपाशी. मी भरायची, ते द्यायचे. पोरं पुन्हा पुन्हा रांगेत. ‘आजोबा, अजून एक!’ — ‘प्या रे बिनधास्त. मोजणारी बाई आज भरून राहिली!’ सगळे हसत होते. पप्पा किती दिवसांनी असे बोलत होते. मी मात्र त्यांच्या हातातला प्रत्येक ग्लास समोरच्याच्या हातात गेला का, तेवढंच बघत होते. दोन तास तेच केलं.

बाराच्या सुमारास गर्दी ओसरली. मी बर्फ घ्यायला वळले. पुन्हा बघितलं तर पप्पांच्या हातात काठोकाठ भरलेला ग्लास, समोर कोणी नाही. तोंडाला लावायच्या बेतात होते. मी तो हिसकावला. चारचौघांत. अर्धं सरबत त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

शेजारच्या यमुताई खिरीच्या पातेल्याशी होत्या. मोठ्यानं म्हणाल्या, ‘आजच्या दिवशी बापाच्या हातचा ग्लास हिसकते काय वं! दुश्मनालेही पाजून राहिलो आपण इथं!’

‘राहू द्या यमुताई,’ पप्पा म्हणाले. ‘मीच शिकवलं तिले.’

त्यांनी भिजलेला सदरा तळहातानं पुसला आणि तो हात ओठांवर ठेवला. बराच वेळ. मी दुसरीकडे बघितलं.

मंगळवार, १३ मे

दुरुस्ती. ‘तोंडाला लावायच्या बेतात होते’ असं काल लिहिलं. ते मी पाहिलेलं नाही. ग्लास मांडीवर धरलेला होता, दोन्ही हातांनी. पाहिलेलं तेवढंच.

आज मशीनवर असताना पप्पा टीव्हीकडे बघत म्हणाले, ‘तो ग्लास देवाजीचा होता. त्याले भोवळ आली होती, मांडवामागं बसला होता. एक पोरगं त्याले बोलवाले गेलं होतं.’

‘मग तिथेच सांगायचं ना पप्पा! यमुताई मला —’

‘काय सांगू? पहिले देवाजीचाच होता. धरून बसलो तसा माझा होऊन राहिला होता.’

मी त्यांचा पाय दाबत बसले. बोट टेकलं की खळगा पडतो, तो भरायला वेळ लागतो.

मग म्हणाले, ‘जूनपासून फक्त मंगळवारी येऊ. शुक्रवार बंद.’

‘डॉक्टर नाही म्हणतील.’

‘डॉक्टरले तहान लागते काय?’

बाहेर येऊन मी डॉक्टरांना विचारलं, शुक्रवार बंद केला तर काय होईल. ते चष्मा पुसत म्हणाले, ‘तुम्हाला माहीत आहे.’ आता किडनी मिळाली तर? ‘हृदयाला किती झेपेल ते बघावं लागेल. देणाऱ्याचंही सगळं बघावं लागेल.’ मी दम्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली — हो अशी नाही, नाही अशीही नाही.

रसवंतीकडे गेले नाही.

बुधवार, १४ मे

विचारलं. सकाळी बाटली भरून त्यांच्या हातात देताना. आई तिथेच होती.

‘पप्पा, मी तपासायला जाऊ?’

‘नाही.’

‘का?’

‘तुले श्वास लागाचा लहानपणी. रात्र रात्र घेऊन बसलो तुले. ते काय याच्यासाठी?’

आई पदर तोंडाला लावून आत गेली. पप्पांनी बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, तोंडात फिरवत ठेवला, मग गिळला. विषय संपला.

गुरुवार, १५ मे

दवाखान्यात फोन केला. देणाऱ्याच्या तपासण्या तिसऱ्या मजल्यावर होतात, पप्पांच्या डायलिसिसच्या खोलीच्या बरोबर वर. सिस्टर म्हणाल्या, उपाशीपोटी या, पाणी चालेल. मी पाणीही पिणार नाही. नापास होईन, असंच वाटतं. पास झाले तरी पप्पांच्या हृदयाला झेपेल का, ते आहेच.

विचारल्याशिवाय जाणार नाही, एवढंच कबूल केलं होतं. विचारून झालं. कुठे चाललीस असं त्यांनी म्हटलं, तर खोटं बोलणार नाही.

ते मशीनला लागले की दर वेळी मी खाली जाते. उद्या वर जाणार. शुक्रवार, १६ मे.