प्रगतीची दुपार

१ मार्च १९८७, धारगळ, पेडणे, गोवा

आजपासून रोजनिशी. सायन्स शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या आयुष्याची नोंद ठेवू नये हे बरं दिसत नाही. भाषा मराठी. कोकणी की मराठी ह्यावरून बाहेर जे चाललंय ते चालू दे. आमच्या घरात बोलायचं कोकणीत, लिहायचं मराठीत आणि भांडायचं दोन्हीत, ही व्यवस्था आजोबांच्या वेळेपासून आहे.

निमित्त: गाय येणार. पशुसंवर्धन खात्याचे नवे डॉक्टर मांद्रेकर काल हायस्कुलात आले होते. बेळगावकडच्या फार्मवरची संकरित गाय, अर्धी विलायती. आपल्या गरम, दमट हवेशी ती कितपत जुळवून घेते ते तीन महिने तपासायचं. जमलं तर गावात आणखी गाई येणार, डेअरी निघणार. त्यासाठी शास्त्र कळणारा माणूस हवा होता. हेडमास्तरांनी एका क्षणात माझं नाव घेतलं. त्यांच्या घरी गोठा नाही हे खरं, पण तेवढंच कारण नसावं.

५ मार्च

गोठ्याचं आधुनिकीकरण पूर्ण. चुडतांचं, विणलेल्या झावळ्यांचं, जुनं छप्पर काढून टाकलं. सिमेंटचे पत्रे घातले. लांबून बघितलं तर दवाखाना वाटतो.

जागा हवी म्हणून आमची गावठी तांबू आमोण्याला मेहुणीकडे पाठवली. बायकोने, कमलाक्षीने, सकाळच्या पेजेबरोबर लोणचं वाढलं नाही. तिची समजूत पटेल. बायकांना विज्ञान उशिरा पटतं.

८ मार्च

गाय आली. काळी-पांढरी, माझ्या खांद्याएवढी उंच. ट्रकमधून उतरताना तिने सगळ्या गावाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. प्रवासाचा शीण. नाव ठेवलं: प्रगती.

कमलाक्षीने तिच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि मग ‘ती बेळगांवची’ म्हणायला सुरुवात केली. शेजारचा बाबली चारदा येऊन गेला. दूध किती देते, एवढाच त्याचा प्रश्न. मी त्याला म्हटलं, दूध हा नंतरचा विषय आहे, आधी क्लायमेट.

डॉक्टरांनी थर्मामीटर दिलं. ते कुठे लावायचं ते दाखवलं. कूस किती वेळा वरखाली होते ते मोजून श्वास कसा काढायचा तेही दाखवलं. दिवसातून तीनदा नोंद. निघताना स्कूटरवर बसून एवढंच बोलले, “मास्तर, सकाळ-सांज सगळीच गोरवां बरी असतत. दोनपारचो आकडो काय तो खरो.”

हे मला सांगायची गरज नव्हती.

९ मार्च

सकाळची नोंद वेळेवर. थर्मामीटर लावताना प्रगतीने लाथ मारली नाही. स्वभाव वैज्ञानिक.

दीडला शाळा सुटली. घरी आलो. बांगड्यांचं हुमण, उकडा भात, सोलकढी. दोनला गोठ्यात जायचंच होतं. अन्न जिरावं म्हणून पंख्याखाली पाच मिनिटं आडवा झालो.

पावणेपाचला जाग आली. कमलाक्षी झोपलेली. बाबली त्याच्या सोप्यावर झोपलेला. बाबलीचा कुत्रा झोपलेला. म्हणजे चूक एकट्याची म्हणता येत नाही.

१० मार्च

निर्धार: तीन महिने दुपारची झोप बंद.

दुपारी: गजराचं घड्याळ पितळी तांब्यात ठेवलं. कमलाक्षीचं म्हणणं, ते वाजलं, मी उठून बसलो, “बरोबर” असं म्हणालो, ते बंद केलं आणि परत झोपलो. मला आठवत नाही. पुराव्याअभावी सोडून दिलं.

१४ मार्च

जेवण कमी केलं. झोप आली. जेवण उभ्याने केलं. उभ्यानेही आली, पडता पडता वाचलो. डोळ्यांना पाणी लावून बसलो तर गार वाटून आणखी गाढ आली.

थोडा विचार केल्यावर प्रश्न सुटला. सकाळचा आकडा आपल्याकडे आहे. संध्याकाळचा आहे. दुपार ह्या दोहोंच्या मध्ये येते. तेव्हा दुपारचा आकडा त्यांच्या आसपासच असणार. वर उन्हापोटी थोडा वाढवायचा. शास्त्रात ह्याला इंटरपोलेशन म्हणतात. आजपासून तसं करतो. मागच्या दुपारीही भरून टाकल्या.

तक्ता फारच सुंदर दिसतो आहे.

२ एप्रिल

डॉक्टर सकाळी येऊन गेले. तक्ता पाहून खूश. गाईने हवामान चांगलं घेतलेलं दिसतं, म्हणाले. मी म्हटलं, देखरेखीवर असतं.

दूध मात्र उतरलं. कमलाक्षी म्हणते, ती बेळगांवची संध्याकाळी चारा हुंगते आणि तोंड फिरवते. कारण उघड आहे. भाषा. फार्मवर तिच्याशी कानडी बोलत असणार. इथे मी मराठी, कमलाक्षी कोकणी. जनावर गोंधळतं. पोस्टातल्या बेळगावच्या माणसाकडून चार कानडी वाक्यं लिहून घेतली. म्हटली. प्रगतीने माझ्याकडे पाहिलं. उच्चारात चूक झाली असेल.

१९ एप्रिल

पाणी फार पिते. विहीर खाली चालली म्हणून कमलाक्षीची कुरकुर. तिला समजावलं की तहान लागणं हे प्रकृती ठणठणीत असल्याचं लक्षण. तिने विचारलं, “आनी तोंड सदां न्हाणयेकडे कित्याक?” गाय खरंच दिवसभर गोठ्याला लागून असलेल्या न्हाणीच्या ओल्या भिंतीला नाक लावून उभी असते. मी म्हटलं, कुतूहल.

५ मे

सुट्टी लागली. आता पूर्ण वेळ संशोधनाला. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं.

सुट्टीमुळे दुपारची झोप साडेबारालाच लागते, हा एक अनपेक्षित परिणाम.

२० मे

अंतिम अहवाल मुदतीआधीच पणजीला पाठवला. चौदा पानं. शेवटचं वाक्य तीनदा लिहून पक्कं केलं: ‘सदर गाय पेडण्याच्या हवेशी समरस झाली असून तिला दुपारच्या उन्हाचा कोणताही त्रास जाणवत नाही.’ ‘समरस’ शब्द मध्यरात्री सुचला.

बाबलीने गाईसाठी आपल्या नावाचा अर्ज दिलाही. गावाला तीन गाई मिळणार अशी बोलवा आहे. अहवाल चांगला गेला म्हणून शनिवारी एकादशी करणार. निर्जळी नव्हे, साधी.

२३ मे, एकादशी

नीट लिहिता येत नाही, तरी लिहितो.

कमलाक्षी साबुदाणा भिजत घालायला विसरली. दुपारी पोटात एक केळं. आडवा झालो आणि झोप येईना. ह्या घरात असं कधी झालं नव्हतं. दोन वाजले. पंखा फिरत होता. सहज म्हणून थर्मामीटर घेतलं आणि गोठ्यात गेलो.

आत पाय टाकला आणि वरून पत्र्याची झळ डोक्यावर बसली. प्रगती पाय फाकवून, मान पुढे ताणून उभी होती. तोंड उघडं. जीभ बाहेर. लाळेची तार जमिनीपर्यंत. कूस इतकी भराभर हलत होती की मोजायला लागलो आणि चुकलो, परत लागलो आणि परत चुकलो. थर्मामीटरचा पारा जिथे जायला नको तिथे गेला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. कुठेच बघत नव्हती.

मार्चपासून रोज ही अशी उभी असणार, आणि मी तिथून वीस पावलांवर पंख्याखाली.

विहिरीवरून पाणी आणलं, अंगावर ओतलं. आणलं, ओतलं. ती कानडी वाक्यं आठवेनात, म्हणून कोकणीत म्हटलं, राव गे, राव, थोडी थांब. चारच्या सुमाराला वारं सुटलं तेव्हा तिने तोंड मिटलं. पाच वाजता रवंथ करत बसली, काही झालंच नाही अशी.

मला रडू आलं. ते इथे लिहून ठेवतो. दुसरं कोणी वाचणार नाही.

२५ मे

दोन्ही दुपारी पाणी ओतलं. हात भरून आले. पत्र्यांवर पुन्हा चुडतां घालावीत म्हणून विणणारी माणसं शोधायला गेलो. सगळी झोपली होती. संध्याकाळी त्यांना सांगितलं तर म्हणाली, आता पावसानंतरच.

बाबलीला जाऊन सांगितलं, अर्ज मागे घे. गाय दुपारी तडफडते.  तो बायकोकडे वळून म्हणाला की मास्तरांना सगळ्या गावचं दूध एकट्यालाच हवंय.

डॉक्टरांना निरोप पाठवला: यावं, पण दुपारीच यावं. आता खरं काय ते बाहेर पडेल. मी स्वतःच तोंड उघडायची गरज राहणार नाही. योजना उत्तम.

२८ मे

डॉक्टर एक वाजता आले. दुपारी, सांगितल्याप्रमाणे. मी त्यांना थेट गोठ्यात नेत होतो. कमलाक्षीने अडवलं. जेवायच्या वेळेला आलेला माणूस आधी गोठ्यात जातो का? तेही बरोबर. विसवण माशाची कढी होती, तिसऱ्यांचं सुकं होतं, आंब्याचं सासव होतं. डॉक्टर दुसऱ्यांदा भात घेत होते तेव्हाच मी घड्याळ बघितलं.

हात धुऊन ते माझ्या व्होल्तेरवर टेकले. लांब हातांची ती जुनी आरामखुर्ची. पाच मिनिटांत निघू, म्हणाले.

दोन वाजले. डॉक्टर घोरत होते. गोठ्यातून तिची धाप ऐकू येत होती. मी खोकलो. दार आपटलं. खुर्चीचा हात हलवला. शेवटी त्यांच्या खांद्याला हात लावायला गेलो तर कमलाक्षीने मनगट धरलं. “जेवन निजलेल्या मनशाक उठयतत?” ती इतक्या हळू बोलली की मला वरमल्यासारखं झालं. नाही उठवत. आमच्याकडे कधीच कोणी उठवलेलं नाही. मी एकदा गोठ्यात, एकदा खुर्चीपाशी असा फिरत राहिलो. पाणी ओतून आलो. डॉक्टरांवर ओतायचा विचार आला होता.

ते पाचला उठले. चहा घेतला. गोठ्यात गेलो तर खारं वारं येत होतं आणि प्रगती रवंथ करत बसली होती. ताप बेताचा, श्वास बेताचा. दारात बाबली उभा. डॉक्टर म्हणाले, तुमच्या अहवालाशी अगदी जुळतं.

मग मी सांगितलं. बाबलीसमोर सांगितलं. दुपारचे आकडे मी झोपेतून उठून अंदाजाने घातले, एकही खरा नाही, ही गाय इथे जगणार नाही, हिला परत न्या.

डॉक्टरांनी शर्टाच्या सुरकुत्या सारख्या केल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“मास्तर,” ते म्हणाले, “दोनपारचे आकडे सगळ्या गोंयांत असेच येतत.”

अहवाल पणजीहून पुढे गेला, आता मागे येणार नाही, असंही म्हणाले. स्कूटर वळवताना कमलाक्षीच्या कढीचं कौतुक केलं.

३० मे

गोवा आज राज्य झालं. पेडण्याला फटाके, ढोल, भाषणं. होऊ घातलेल्या डेअरीच्या पाटलावांनी, म्हणजे मालकांनी, मला हार घातला. भाषणात माझ्या अहवालातलं ते ‘समरस’चं वाक्य वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. दोन वाजायला आले होते म्हणून हार गळ्यात तसाच ठेवून बस पकडली. प्रगतीने अर्धा हार खाल्ला. महिनाभरात तिने आवडीने खाल्लेलं हेच.

१ जून

तीन गाई परवा येणार, एक बाबलीची. त्याने काल गोठ्याचं चुडतांचं छप्पर काढलं आणि सिमेंटचे पत्रे घातले. मास्तरांसारखे, असं सगळ्यांना सांगतो.

खात्याचं पत्र: चारही गाईंची देखरेख माझ्याकडे. अनुभव लक्षात घेऊन.

२ जून, दुपारी

पाऊस नाही. वारं नाही. गाव झोपलाय. विहिरीतून अर्धी कळशी गाळ येतो. पंधरावी की सोळावी खेप होती. दगडावर बसलो आणि समोरचं सगळं पिवळं दिसायला लागलं.  प्रगतीची कूस तशीच उडत होती. एक गाय मला सांभाळता येत नाही. उद्या चार.

तेवढ्यात कमलाक्षी बाहेर आली. तांबू गेल्यापासून ती दुपारच्या वेळी ह्या गोठ्याकडे फिरकली नव्हती. पदर खोचलेला, डोळ्यांत झोप. ती मला बोलणार म्हणून मी वाट पाहिली. तिने माझ्या हातातली कळशी घेतली, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग माझ्या कपाळाला लावला.

“तुमी जावन निजा,” ती म्हणाली. “तुमकां ह्या गरमेची सवय नाय.”

उद्या उठून काय करायचं त्याचा आराखडा करावा म्हणून आत आलो. पाच मिनिटं आडवा झालो.

पावणेपाचला जाग आली. बाहेर पाणी ओतल्याचा आवाज चालूच होता.