काळ्या मातीतलं ऑर्किड

अमरावती,
बुधवार

प्रिय सुभद्रा,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू म्हणशील, रोज दोनदा फोन करणारी शकुन आता कागद कावून खर्च करून राहिली? का ते सांगते. फोनवर मी एक बोलायला जाते आणि भलतंच बोलून बसते, हे तुला शाळेत शिकवताना एका बाकावर वह्या तपासत होतो तेव्हापासून माहीत आहे. शिवाय हल्ली माझा फोन तू स्पीकरवर ठेवतेस असा मला दाट संशय आहे. आणि आज बारा दिवस झाले, तू मला फोन केला नाहीस, मीही तुला केला नाही. आधी कोण वाकते हे पाहत दोघी बसलोय. मी वाकले, घे.

आधी तुझ्या झाडाचं सांगते. जिवंत आहे. फेब्रुवारीत तू ती कुंडी माझ्या ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, "अकोल्याले बहिणीकडे जाऊन येतो वं, पंधरा दिवस. तोवर एवढं सांभाळ." फुलपाखरं बसल्यासारखी आठ जांभळी फुलं होती दांडीला. मी हो म्हटलं, पण मनात पाल चुकचुकली. जिनं तीन तुळशी वाळवल्या, कोरफडसुद्धा पाणी घालघालून मारली, तिच्या हाती ऑर्किड? विचारलं तर म्हणालीस, भाच्यानं दिलं. तुझा भाचा मी ओळखते. तो लग्नाच्या आहेरालासुद्धा मागच्या आहेरातलं घड्याळ देतो.

मग तो कागद उघडला. दोन्ही बाजूंनी भरलेला. पाणी आठवड्यातून एकदा, तेही सकाळी. कुंडी दहा मिनिटं बादलीत बुडवावी, मग पूर्ण निथळू द्यावी. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचू देऊ नये, साचलं तर कापसानं टिपावं. पूर्वेच्या खिडकीत ठेवावं, ऊन थेट नको, कूलरचा झोत तर मुळीच नको. बाहेर लोंबणारी मुळं कापू नयेत, ती हवा पितात. फुलं गळल्यावर दांडी खालून दुसऱ्या गाठीच्या वर कापावी. आणि शेवटी, दोन वर्षांनी कुंडीत भरलेली झाडाची जुनी साल काढून नवी भरावी. पंधरा दिवसांसाठी जाणारी बाई दोन वर्षांनंतरचं लिहून देते होय? त्यात अक्षर तुझं नाही. तिरपं, निळ्या शाईचं, पुरुषाचं. खाली एक मोबाईल नंबर, 'अडचण आल्यास', नाव नाही. मी तो कागद चारदा वाचला आणि मला झाडाची नाही, तुझी काळजी लागली. एकटी विधवा, नावावर घर, मुलगा गोपाल लांब नाशिकला, आणि स्वभाव असा की रद्दीवाल्यालाही आधी चहा विचारशील. कोणीतरी हिला गोड बोलून गुंडाळतंय, असं मी धरूनच चालले.

त्या कागदाचा राग मी झाडावर काढला, हे आता कबूल करते. चांदूर बाजारच्या माळ्याची पोर मी. आमच्या मळ्यातली शेवंती अमरावतीच्या बाजारात हातोहात जायची. मला फुलझाड कसं जगवायचं ते कागदावरून शिकायचं? आणि मातीशिवाय, नुसत्या सालीच्या चिपाट्यांत कुठे झाड राहतं का? मी ते उपटलं, चांगल्या काळ्या मातीत लावलं, मूठभर लेंडीखत घातलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. ज्या मातीत खुंटी रोवली तरी फुटते, तिथे हे महाराज महिना-दीड महिन्यात पिवळे पडले; तुझे पंधरा दिवस तोवरही संपले नव्हते. फुलं गळली, पानं चामड्यासारखी लोळली. काढून पाहिलं तर मुळं कुजून हाताला लागली. तुझी वस्तू माझ्या हातून मरतेय म्हटल्यावर माझा सगळा तोरा उतरला. नाइलाजानं तो नंबर फिरवला.

पलीकडून शांत आवाज आला, "शकुनताई का? मुळं कशी आहेत, हिरवी की तपकिरी?" त्याला माझं नाव ठाऊक आणि मला त्याचं नाही! माती म्हटल्यावर तो माणूस रागावला नाही. म्हणाला, आधी मातीतून काढा, कुजलेलं सगळं कात्रीनं कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड लावा, साल मी पाठवतो. मी पत्ता सांगितला, तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, "अहो, चहा थंडा होऊन राहिला." अहो! अकरा वर्षांनी तो शब्द तुझ्या तोंडून ऐकला, सुभद्रा. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. तुझं बाळंतपण मी काढलं, तुझ्या नवऱ्याच्या दहाव्याला भात मी शिजवला, आणि मलेच नाही सांगितलं? कावून वं?

तीन दिवसांनी सालीचं पुडकं आलं, झाड त्यात लावलं. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव उत्तमराव आणि अकोल्याचा पत्ता. तुझ्या बहिणीच्या घरापासून चांगलाच लांब. मग गेल्या शनिवारी मी सकाळच्या एसटीनं अकोल्याला आले. हो, आले होते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी लागते, तिथे नको असलेली किलोभर वांगी घेतली आणि गाडीवरच्या बाईला तुमच्याबद्दल हळूच बोलतं केलं. ती म्हणाली, "त्यायच्या मिसेस हायेत ना. मार्चात कोर्टात लगन केलं दोघायनं. लय भला मानूस. नर्सरीतून रिटायर झाला, घर सोताचं हाय, बायको गेली तवापासून एकटाच झाडायसंगं बोलत रायते." म्हणजे तुझ्या घरावर त्याचा डोळा नव्हता. पिशवी घेऊन मी तुमच्या फाटकापर्यंत आले. व्हरांड्यात तो भेंड्या चिरत होता. तू खुर्चीत बसली होतीस, पाय स्टुलावर, आणि त्याला पेपर मोठ्यानं वाचून दाखवत होतीस. मध्येच त्यानं विचारलं, कूलर फार होतो का, आणि तू मान हलवून पुढे वाचत राहिलीस. तीस वर्षांत दिवसाउजेडी अशी निवांत बसलेली सुभद्रा मी पाहिली नव्हती. मला रडू आलं. बरंही वाटलं, आणि हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. तरी फाटक उघडलं नाही. तशीच स्टँडवर परतले.

बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत एकच विचार. तू माझ्यापासून का लपवलंस? आणि मग आपल्या शाळेतल्या माणिकबाई आठवल्या. त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी लग्न केलं तेव्हा स्टाफरूममध्ये मी काय काय बोलले होते. गुडघे दुखायच्या वयात हिला मुंडावळ्या सुचल्या, असं मीच म्हटलं होतं आणि सगळ्या हसल्या होत्या. तू हसली नव्हतीस. खाली मान घालून वह्या तपासत होतीस. मग तू मला कशाला सांगशील? तुझ्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते. चार पानं झाली तरी हात तिथे जात नव्हता. ज्या संध्याकाळी तुझं ते 'अहो' ऐकलं, त्याच संध्याकाळी मी गोपालला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईला कोणीतरी नादी लावलंय, घराचे कागद सांभाळ. पुडकं आलं तेव्हा त्यावरच्या पत्त्याचा फोटो काढून त्यालाच पाठवला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. अकोल्याहून आल्यावर त्याला फोनवर सांगायला गेले की बाबा, माझं चुकलं, माणूस चांगला आहे, तर तो ऐकेना. काल त्याचा फोन आला. रविवारी तो येतोय, तुला नाशिकला न्यायला आणि अमरावतीच्या घराला कुलूप लावायला. काकू, तुम्ही होता म्हणून कळलं, असं म्हणाला. ते ऐकून मला जेवण गेलं नाही. म्हणून हे कुरिअरनं पाठवतेय, शुक्रवारपर्यंत मिळेल. मिळाल्या मिळाल्या तू स्वतः त्याला फोन कर, माझ्या तोंडून कळलं त्याच्या आधी तुझ्या तोंडून कळायला हवं होतं, पण निदान तो दारात येण्याआधी कळू दे. उत्तमरावांनाही सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग. मी शनिवारच्या पहिल्या गाडीनं येतेय आणि या वेळी फाटक उघडणार आहे. गोपालला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, माझ्यासमोर तो तुझा हात धरून ओढणार नाही. तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर मी समजू शकते, तसं माझं कामच आहे. घरातून हाकलायचं असेल तर जरूर हाकल. फक्त सोमवारी हाकल.

तोंडानं वाईट, तरी तुझीच,
शकुन