वाढत्या अंगाचं झबलं

२ मार्च
आलो एकदाचे! नवऱ्याची बदली झाली आणि सासूबाईंच्या घरी राहायचा योग आला. वरची खोली आमची. खिडकीशी माझं शिलाई मशीन बरोब्बर मावलं. सासूबाईंनी गाल कुरवाळून सांगितलं, आता या घराला बाळ हवं. मी लाजून चूर. आम्हालाही तेच तर हवंय! डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या सुरू केल्यात, चहाही कमी केलाय. चहाचं मात्र फार जिवावर येतंय.

७ मार्च
बाळाचा अजून पत्ता नाही आणि स्वारी हातोडी घेऊन तयार. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, प्लगना झाकणं, खिडकीला गज. जिन्याच्या तोंडाशी फाटक, तेही माझ्या डोक्यापेक्षा उंच, कडी पलीकडून. मीच हौसेने एकेक स्क्रू त्याच्या हातात देत होते. चिडवलं, आपलं बाळ काय उड्या मारत येणार आहे? तो गंभीरपणे म्हणाला, बाळं वाढतात.

१५ मार्च
पहिलं झबलं शिवलं, तळहाताएवढं. सासूबाईंना पसंत नाही. वाढत्या अंगाचं हवं म्हणे. दुसरं शिवलं, तेही लहान. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं! शेवटी त्यांनीच चादरीएवढं कापड आणून दिलं. म्हातारपणी माणसाला हौस असते, शिवून टाकू.

२४ मार्च
मोठं झबलं झालं. सासूबाई इस्त्री करायला घेऊन गेल्या. त्यानंतर माझी कात्री सापडेना. सुया, टाचण्याही नाहीत. त्यांनीच उचलून ठेवल्यात. मोबाइल नवऱ्याने नेला, डोळे बिघडतात म्हणून. जेवणही आता कुस्करून येतं. आई होण्याआधी असे लाड करतात, असं मी मनाला समजावलं. पण सासूबाई घास भरवायला लागल्या तेव्हा नको वाटलं.

२ एप्रिल
नाक्यावरच्या शिवणाच्या दुकानात आज कामाचं विचारायला जायचं होतं. फाटक बंद. हाका मारून घसा बसला, शेवटी रडले. सासूबाई आल्या, पाठ थोपटली, पुन्हा कडी लावून खाली गेल्या. नवऱ्याला सांगत होत्या, आज फार किरकिर केली, दात येत असतील.
माझ्याबद्दल बोलत होत्या.

९ एप्रिल
ते झबलं आज माझ्याच डोक्यातून घातलं. दोघांनी धरून. मापं न घेता शिवलेलं, तरी खांद्यातसुद्धा नीट बसलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मला भीती वाटते. या माणसाची, ज्याच्या कुशीत मी झोपते, त्याची भीती वाटते.

१४ एप्रिल
पाळी चुकलीये. सकाळपासून उलट्या. आहे — नक्की आहे! दोघांना हात जोडून सांगितलं, खरं बाळ येतंय, मला डॉक्टरीणबाईंकडे न्या. वाटलं, आता तरी भानावर येतील. सासूबाईंनी माझ्या पोटावरून हात फिरवला, मग काळजीने मुलाकडे बघून म्हणाल्या —
बाळाने काहीतरी गिळलंय. काढायला हवं.

१५ एप्रिल
पेन नेलं. टोकदार म्हणून. मेणाचा खडू दिलाय, त्यानेच लिहितेय.
खिडकीतून जीव खाऊन ओरडले. खाली शेजारीण थांबली, तिने वर बघितलं. तेवढ्यात सासूबाईंनी मागून माझं मनगट धरलं आणि हात हलवला — टाटा. शेजारीणही हसली. लाडात हात हलवून निघून गेली.

नंतर
खाली वाटीत चमचा वाजतोय. औषध ढवळतायत. नवरा म्हणतोय, मी हात धरतो, तू नाक दाब.
दाराला लावायला मशीन ओढत होते. हलत नाही. त्यानेच जमिनीला ठोकलंय — बाळाच्या अंगावर पडू नये म्हणून.
कडी वाजली.
तोंड उघडणार नाही. काही झालं तरी दात आवळून — हे माझं बाळ आहे, माझं — मी तोंड उघ