दुधाच्या गोंदाचे पंख

अण्णा, तुमच्या ग्लायडरचा डावा पंख मी रविवारी कापला. तुमच्याच करवतीने. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता कळण्या-न कळण्याचा प्रश्नच उरलेला नाही, हे मला समजतं. तरी लिहितेय.

लिहितेय ती तुम्ही बारावीच्या अभ्यासासाठी करून दिलेल्या फळीवर. परदेशातून आलेल्या बर्चच्या प्लायवुडचा उरलेला तुकडा, कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत केलेल्या की हात आपोआप फिरतो. ते प्लायवुड हंगेरीतल्या एका बाईंनी पाठवलं होतं आणि बदल्यात तुम्ही त्यांना उंची दाखवणारं एक जुनं घड्याळ पाठवलं होतं, त्यांच्या ग्लायडरच्या चौकटीत बसणारं. भाईंदर पूर्वेच्या सायबर कॅफेत माझ्या खुर्चीमागे उभं राहून तुम्ही मराठीत सांगत होतात आणि मी अडखळत इंग्रजीत लिहीत होते. "लिही, काटा बरोबर फिरतो. काच नवीन बसवलीय, तेही लिही. खोटं नको लिहू, ती माणसं त्यात बसून वर जातात." बाईंचं उत्तर आलं, की तुमच्या वडिलांचे हात फार चांगले आहेत. ते तुम्ही मला पुन्हा वाचायला लावलंत. मग म्हणालात, "त्यांना काय माहीत, फक्त पार्सल बघितलंय." पण घरी येईपर्यंत हसत होतात.

माळावरच्या क्लबात तुम्ही सुतार होतात. इंजिन नसलेली लाकडी विमानं, वर ताणून बसवलेलं कापड, दोरीने ओढून आभाळात सोडायची. मग फायबरची नवी ग्लायडर आली, सुताराचं काम संपलं आणि निघताना तुम्ही मोडीत निघालेलं एक मागून घेतलंत. आई आजही सांगते, "लोकं नोकरी सुटल्यावर फंडाचा चेक आणतात, ह्यांनी इमान आणलं." काशीमीऱ्याला गॅरेजच्या मागच्या गाळ्यात ते ठेवलंत, पंख सुटे करून भिंतीला टेकवून. आठवडाभर मीरा रोडच्या नव्या फ्लॅटांमध्ये कपाटं आणि किचनच्या ट्रॉल्या बसवायच्या आणि रविवारी गाळ्यात जायचं. मी शाळेत होते. एकदा खाली पडलेली पेन्सिल उचलताना आधाराला पंखावर हात टेकला, तर तुम्ही ओरडलात. तुम्ही कधी ओरडत नसायचात, म्हणून ते अजून ऐकू येतं. "वर हात ठेवायचा नाही. पंखाला नेहमी खालून धरायचं. वर ठेवलेला हात म्हणजे ओझं." नंतर माझी पेन्सिल तुम्हीच उचलून दिलीत.

हायवेवरच्या हॉटेलवाल्यांना ते लग्नाच्या हॉलमध्ये छताला टांगायचं होतं. तुम्ही हात जोडून म्हणालात, "शेठ, ते झुंबर नाही." तुम्ही गेल्यावर ते पुन्हा आले तेव्हा मीही तेच म्हणाले. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, निकाल नुकताच लागलेला. योग्य गोष्ट योग्य आहे एवढ्याच बळावर टिकते, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. हंगेरीच्या बाईंसारख्या जगभरच्या जुन्या ग्लायडरवाल्या सगळ्यांना मी मेल केला, की आम्ही नकार दिला, हे उडण्यासाठी आहे आणि उडेलच. चार देशांतून शाबासकी आली. कोणी बांधणीच्या जुन्या नकाशांच्या प्रती पाठवल्या, कोणी डबाभर खिळे. ऑफिसातून सुटल्यावर मी ते मेल वाचत बसायचे आणि जगात आपलीही माणसं आहेत असं वाटायचं. आता कधीकधी एवढंच मनात येतं, की त्या हॉलमध्ये एसी होता. बारा महिने कोरडी हवा. दुसऱ्यांदा विचारलं असतं तरी तुम्हीसुद्धा नाहीच म्हणाला असतात ना? मी विचारत राहते आणि उत्तर म्हणून मला फक्त तुमचं ते झुंबराचं वाक्य ऐकू येतं.

या हिवाळ्यात जर्मनीहून एक म्हातारे गृहस्थ आले. दोन वर्षं आमचे मेल चालले होते. त्यांच्याकडे अगदी याच बनावटीचं दुसरं ग्लायडर आहे, अर्धवट बांधलेलं. आपलं ते घेऊन जाणार होते, दुरुस्त करून उडवणार होते आणि पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर मला बसवणार होते. पासपोर्टचा अर्जसुद्धा आणून ठेवला होता मी. गॅरेजवाल्या शेठनी लांबूनच आवाज दिला, "बेटी, गोरा साहब आया है तो बोल, साथ में मेरा एक टेम्पो भी ले जाए. वो भी नहीं चलता." मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा ते गृहस्थ मनापासून हसले. मग गाळ्यात आले आणि काही बोलायच्या आधी उजव्या पंखाच्या खाली तळहात ठेवला. खाली, अण्णा. मला तेव्हा इतका आनंद झाला होता.

ते बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करत पुढे सरकत होते, तुम्ही करायचात तसंच, मान तिरकी करून. मला आवाजातला फरक कळत होता. जिथे खणखणीत यायला हवा, तिथे ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा येत होता. त्यांनी खिशातून पातळ पात्याचा चाकू काढला आणि सांध्यात लावला. जोर दिलाच नाही. पातं आत गेलं. दुसऱ्या सांध्यात, तिसऱ्यात, तसंच. ते वाकून वास घेत म्हणाले, "दुधाचा गोंद." त्या काळी दुधातल्या चिवट भागापासून गोंद करायचे, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. वर हसून म्हणाला होतात, "दूधच ते, कधीतरी नासायचंच." खाडीची खारी, दमट हवा इतकी वर्षं त्या बंद गाळ्यात भरून राहिली. तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही दर रविवारी टकटक करून ऐकायचात, ते काय ऐकायचात?

एका ठिकाणी मात्र पातं अडलं. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं, नाही गेलं. "हा सांधा कोणी केला?" मी म्हटलं, "वडिलांनी." बराच वेळ ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले. "फार चांगला सांधा आहे," ते म्हणाले, "पण याच्या दोन्ही बाजूंना आता काही उरलेलं नाही."

आई थर्मासमधून चहा घेऊन आली होती. "काय म्हणतोय? नेतोय का?"

"नाही, आई."

"मग इथंच दुरुस्त कर म्हण त्याला."

"सगळंच नवीन बांधावं लागेल. आतलं सगळं सुटलंय."

तिने कपात चहा ओतला, त्यांच्या हातात दिला आणि पंखाकडे बघत म्हणाली, "मग इतके रविवार ते काय करत होते इथं?" गृहस्थांनी मला विचारलं, आई काय म्हणाल्या. मी सांगितलं, साखर बरोबर आहे का विचारतेय.

जाताना त्यांनी मला ग्लायडरवाल्यांतली रीत सांगितली. ज्याचा गोंद गेला, त्याच्या पंखांची मधली तुळई मालकाने स्वतःच्या हाताने आडवी कापायची. दोन्ही पंखांची. नाहीतर कोणीतरी वरून रंग मारतो, विकतो आणि कोणाचं तरी लेकरू त्यात बसून वर जातं. लोखंडी भाग काढून त्याच बनावटीच्या दुसऱ्या ग्लायडरला द्यायचे, म्हणजे तेवढं तरी पुन्हा वर जातं. ते म्हणाले, मी थांबतो तुझ्या सोबतीला. मी नको म्हटलं. बिजागऱ्या आणि पिना त्यांच्यासोबत दिल्या, तुमच्या जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून.

रविवारी मी डाव्या पंखाचं कापड ब्लेडने उघडलं. आतून तुमच्या रविवारचा वास आला, नेलपॉलिशसारखा, कापडाला लावायचात त्या रोगणाचा. एक हात खाली धरला आणि करवत चालवली. मला वाटलं होतं, आतून काहीतरी विरोध होईल, हात भरून येतील. करवत अर्ध्यावर पोचायच्या आत तुळईच्या चिकटवलेल्या पट्ट्या आपोआप एकमेकींपासून सुटल्या. पिवळट भुगा पडला, बस. बाहेर शेठ कोणाला तरी टायर उतरवायला सांगत होते. मी तिथे उभी होते आणि मला कळत होतं की मी हे इतकी वर्षं वाचवत नव्हते. जे आधीच गेलं होतं त्याची राखण करत होते आणि लांब लांबच्या चांगल्या माणसांना ते जिवंत आहे असं कळवत होते. आता ऑफिसातून सुटल्यावर कुठे जायचं ते कळत नाही.

गाळा महिनाअखेर रिकामा करायचाय. काल मी सगळ्यांना मेल केला, की रीतीप्रमाणे दोन्ही पंख कापले. सगळ्यांनी लगेच सांत्वनाचं लिहिलं, हंगेरीच्या बाईंनीसुद्धा. तुमच्या हातांची आठवण काढली त्यांनी.

अण्णा, उजवा मी कापलेला नाही. करवत लावली होती. एका पंखावर कोणी उडत नाही, तेव्हा कोणाच्या जिवाला धोका नाही, असं मी स्वतःला सांगते. तो अजून भिंतीला टेकून उभा आहे. तुमचा सांधा त्यात आहे. खोटं नको लिहू, म्हणाला होतात. काल सगळ्यांना मी तेच लिहिलंय.